पुलं, आबांची कॅसेट आणि ‘नॉइज रिमूव्ह’चं बटण

या वेळी नवा फोन नाही, नवं ॲप नाही, रिचार्जचा प्लॅनही नाही. या वेळी एका माणसाची गोष्ट सांगतोय. तो गेला २००० साली, म्हणजे यूट्यूब यायच्या पाच वर्षं आधी. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील. तरी त्याचा आवाज तुमच्या घरातल्या कुठल्या ना कुठल्या फोनमध्ये आहेच. पु. ल. देशपांडे.

आधीच सांगतो, या लेखात पुलंचं एकही वाक्य नाही. मुद्दाम नाही. व्हॉट्सॲपवर पुलंच्या नावानं जे फिरतं, त्यातलं खरं किती आणि कुणीतरी घरी बसून लिहिलेलं किती, हे ओळखणं आता कठीण झालंय. त्यात आणखी भर कशाला?

मी हातखंब्याचा. मुंबईहून गोव्याकडे जाताना रत्नागिरी शहरासाठी जिथे गाडी वळते, तो तिठा आमचा. चौपदरीकरणामुळे तिठा आता पूर्वीसारखा दिसत नाही, पण पूर्वी तिथे आमच्या आबांचं चहाचं छोटं हॉटेल होतं. फळीवर एक टेपरेकॉर्डर, त्याच्या शेजारी दहा-बारा कॅसेट, आणि त्यातली सगळ्यात झिजलेली म्हणजे पुलंची ‘म्हैस’. रत्नागिरीहून मुंबईला निघालेल्या एसटीखाली म्हैस येते आणि गाडीतली माणसं एकेक करून उघडी पडतात, अशी ती गोष्ट. आता रत्नागिरीहून मुंबईची गाडी म्हणजे ती आमच्या तिठ्यावरूनच जाणार! त्यामुळे ती गोष्ट आमच्याच गावाची, असं आबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. थांबलेल्या गाडीतले प्रवासी चहा पिता पिता ऐकायचे, आणि गोष्ट अर्धी असताना कंडक्टरनं घंटी मारली की हळहळत उठायचे.

ती कॅसेट मी यंदा मोबाईलमध्ये घेतली. घेताना एक घोळ केला. तो शेवटी सांगतो, कारण तो समजायला आधी पुलं समजायला हवेत.

माइकच्या आधी पेटी

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईतला. बालपण आधी जोगेश्वरीत, मग पार्ल्यात. आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी. ‘ऋग्वेदी’ नावानं लिहायचे, टागोरांची गीतांजली त्यांनी मराठीत आणली होती. घरात गाणं होतं, पेटी होती. वडील लवकर गेले, तेव्हा शिकवण्या आणि भावगीतांचे कार्यक्रम यांवर घराला हातभार लावावा लागला. पुढे पुण्यात फर्ग्युसन, सांगलीत विलिंग्डन, मध्ये वकिलीची पदवी, शाळेत मास्तरकी, बेळगावला कॉलेजात प्राध्यापकी. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोफाइलवर काय लिहायचं हा प्रश्नच पडला असता.

रत्नागिरीशी त्यांचं नातं नुसतं लेखकाचं नाही, जावयाचं आहे. सुनीता ठाकूर रत्नागिरीच्या. १२ जून १९४६ ला रत्नागिरीत, घरच्या घरी, नोंदणी पद्धतीनं लग्न झालं. ना बँड, ना जेवणावळ. आणि योगायोग बघा, पुलं गेले तोही १२ जूनच, बरोबर ५४ वर्षांनी. शहरातल्या मधल्या आळीतला तो अंतू बर्वा ‘व्यक्ती आणि वल्ली’त आहे. त्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्याकडे प्रत्येक आळीत एक म्हातारा तरी असा असतोच, ज्याला लोक अंतू बर्वा म्हणतात आणि ज्याला ते अजिबात आवडत नाही.

सिनेमा: सगळं एकट्यानं

‘नाच रे मोरा’ तुम्ही लहानपणी यूट्यूबवर कार्टून मोरासोबत ऐकलंच असेल. गीत गदिमांचं, आवाज आशाताईंचा आणि चाल पुलंची. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं हे गाणं. त्याच वर्षी ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि वर मुख्य भूमिका, सगळं पुलंचं. आज एक मुलगा रिंगलाइट लावून स्वतःच लिहितो, स्वतःच शूट करतो, स्वतःच एडिट करतो. पुलंनी हे केलं तेव्हा कॅमेरा उचलायलाच दोन माणसं लागत. पण त्यानंतर ते सिनेमाच्या धंद्यात फार रमले नाहीत. इतकं सगळं जमत असताना माणूस बाजूला होतो, याचं मला अजून नवल वाटतं.

रेडिओ, आणि टीव्हीचा पहिला दिवस

१९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. रेडिओचं गणित वेगळं. समोर माणूस नाही, नुसता माइक. हातवारे फुकट, चेहरा फुकट. फक्त आवाज आणि शांतता. तुमच्यातल्या पॉडकास्ट करणाऱ्यांना हे लगेच कळेल.

मग भारतात टेलिव्हिजन आणायचं ठरलं. पुलंना बीबीसीत टीव्हीचं तंत्र शिकायला पाठवलं गेलं. त्या प्रवासावरचं ‘अपूर्वाई’ १९६० चं. मराठी माणूस लंडनला काय खाल्लं ते वाचायला ते पुस्तक उघडतो, पण मुळात तो माणूस तिथे गेला होता ते पडद्यावरचं माध्यम कसं चालतं हे शिकायला. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. ‘दूरदर्शन’ हे नाव तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. ते आकाशवाणीचंच एक पोर होतं आणि स्वतंत्र व्हायला १९७६ उजाडलं. छोटा ट्रान्समीटर, प्रक्षेपण दिल्ली आणि आसपासपुरतंच, आठवड्यातून दोन दिवस कार्यक्रम. सेट इतके थोडे की लोक एका सेटभोवती जमून बघायचे. त्या नव्या टीव्हीवर पंतप्रधान नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पुलंनी.

इथे थोडं तंत्र सांगतो. व्हिडिओ टेप जगात नुकतीच, म्हणजे १९५६ मध्ये, आली होती आणि महाग होती. त्या काळचा टीव्ही मुख्यतः थेट असायचा. कॅमेऱ्यासमोर जे घडलं ते लहरींवर स्वार होऊन गेलं, ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. नंतर बघू म्हणून सेव्ह करायची सोय नाही. आपण चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टेटसला नवी कल्पना समजतो! सुरुवातीच्या टीव्हीचा जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम असाच होता.

आता विचार करा. देशात एक अगदी नवं माध्यम आलंय, त्याचं शिक्षण घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातला एक तुम्ही. तुम्ही काय कराल? पाय रोवून बसाल. पुलं परत आले आणि १९६१ मध्ये रंगमंचावर एकटे उभे राहिले. ‘बटाट्याची चाळ’. नेपथ्याचा थाट नाही, बाकी नटसंच नाही. एक माणूस आणि भरलेलं थिएटर. मग ‘असा मी असामी’, ‘वाऱ्यावरची वरात’, ‘रविवारची सकाळ’. तिकिटांसाठी रांगा.

का सोडलं, याची कारणं त्यांची त्यांना. पण ती कॅसेट कानाला लावून पन्नास वेळा ऐकल्यावर माझा एक अंदाज झालाय. स्टुडिओत समोर हसणारं कुणी नसतं.

हशा हाही आवाजच

पुलंचं कोणतंही कथाकथन ऐका. वाक्य संपतं. ते थांबतात. हशा उठतो, वाढतो आणि उतरायला लागतो. तो पूर्ण उतरायच्या आधी, किंचित आधी, पुढचं वाक्य येतं. कधी हशा फुटायला लागला की ते आवाज खाली नेतात आणि थिएटरला गप्प व्हायला भाग पाडतात. म्हणजे त्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस बोलत नाहीये, दोघं बोलतायत: पुलं आणि प्रेक्षक. प्रेक्षकांच्या वाट्याचे संवाद म्हणजे हशा.

या मागे तयारी किती असेल! सुनीताबाई स्वतः चांगल्या अभिनेत्री, पुलंच्या नाटकांत त्यांच्या भूमिका होत्या, आणि प्रयोगांची व्यवस्था, हिशेब, शिस्त त्यांच्या हाती. प्रयोगांतून आलेला पैसा दोघांनी पु. ल. देशपांडे फाउंडेशनमधून वाटून टाकला. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र त्यांच्या देणगीवर उभं राहिलं. ‘आहे मनोहर तरी’ हे सुनीताबाईंचं पुस्तक मिळालं तर वाचा. नवऱ्याला देव न करता लिहिलंय.

पुढचं भरभर सांगतो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. आणीबाणीनंतर १९७७ च्या निवडणुकीत पुलं प्रचारसभांत उभे राहिले, हसवणारा माणूस चिडला की किती ऐकला जातो हे तेव्हा लोकांनी पाहिलं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये लोककला आणि जुनं संगीत ध्वनिमुद्रित करून ठेवण्याच्या कामात त्यांनी लक्ष घातलं. १९९० मध्ये पद्मभूषण, १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण. १५ ऑगस्ट १९९९ ला ‘अल्फा मराठी’ सुरू झालं, म्हणजे आजची झी मराठी. उपग्रह वाहिन्यांचं मराठी युग सुरू होतंय, आणि दहा महिन्यांत, १२ जून २००० ला, वयाच्या ८० व्या वर्षी पुलं पुण्यात गेले.

ते गेल्यावर काय काय झालं बघा. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं केबल डिजिटल झाली आणि २०१७ पर्यंत सेट-टॉप बॉक्स घरोघरी आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि आमच्याकडे नेट पहिल्यांदा परवडायला लागलं. २०१८ मध्ये ‘व्यक्ती आणि वल्ली’तली माणसं सोनी सबच्या ‘नमुने’त हिंदी बोलायला लागली, २०१९ मध्ये पुलंवरच ‘भाई’ हा दोन भागांचा सिनेमा आला. आणि दूरदर्शनने चित्रित केलेले जुने प्रयोग लोक आज एसटीत बसून बघतात, कानात इअरबड घालून, एकटे. शेजारचा हसला तरी कशाला हसला ते कळत नाही.

आता माझा घोळ

आबा गेले. माळ्यावरून कॅसेटचा डबा काढला, तर निम्म्या कॅसेटच्या टेपवर पांढरी बुरशी. कोकणचा पाऊस! अशी कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. ‘म्हैस’ची बऱ्यापैकी वाचली होती, फक्त शेवटाकडे टेप चुरगळलेली. पाच स्क्रू काढून टेप दुसऱ्या चांगल्या कव्हरमध्ये बसवली, हेड स्पिरिटनं पुसलं, प्लेअरच्या हेडफोन सॉकेटमधून यूएसबी-सी ॲडॅप्टरनं फोनला जोडलं. फोन सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो, डिजिटल म्हणजे एवढंच. स्टीरिओ डब्ल्यूएव्ही फाइल केली तर तासाला सुमारे ६३५ एमबी. तोच तास १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत ५८ एमबीच्या आत मावतो. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती. लक्षात ठेवा हे.

बी साइडवर गोष्ट संपली, टाळ्या संपल्या. मग खट्ट. आणि आमचं हॉटेल ऐकू आलं.

आबांनी उरलेल्या कोऱ्या टेपवर रेकॉर्ड केलं होतं. विकतच्या कॅसेटवर रेकॉर्ड होऊ नये म्हणून वरच्या खाचा उघड्या असतात, तिथे चिकटपट्टी लावली की होतं. ते त्यांनी केलं होतं. कपबशांचा आवाज, बाहेर गाडीचा हॉर्न, पाऊस पत्र्यावर, कुणीतरी दोन चहा सांगतंय, आणि मागे चुलीपाशी आजी. कुणाला तरी ओरडतेय, मग हसतेय. माझ्या जन्माआधी गेलेली आजी. तिचा फोटो एकच आहे, आवाज कुठेच नव्हता.

मी तो तुकडा तेवढ्या उत्साहात आत्येला डोंबिवलीला व्हॉट्सॲपवर पाठवला. मग ठरवलं की सगळं नीट स्वच्छ करून ग्रुपवर टाकू. एक एआयवालं ॲप घेतलं, फाइल टाकली, ‘नॉइज रिमूव्ह’ दाबलं, फुल्ल. ऐकलंही नाही नीट. जागा हवी म्हणून मूळ डब्ल्यूएव्ही उडवली, रीसायकल बिनमधूनसुद्धा.

रात्री ऐकायला बसलो. पुलं स्पष्ट, जणू शेजारी बसून बोलतायत. पण काहीतरी चुकत होतं. वाक्य संपायचं आणि मग पाच-सहा सेकंद काहीच नाही. पुन्हा वाक्य, पुन्हा पोकळी. जणू माणूस मध्येच विसरतोय. हशा नव्हता! ॲपनं सगळं थिएटर रिकामं केलं होतं.

असं का होतं? हे ॲप आवाजाचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात वेगवेगळ्या पट्ट्या बघतं, आणि हा भाग बोलण्याचा की बाकीचा, असा अंदाज करून बाकीचा दाबून टाकतं. त्याला शिकवताना एक माणूस स्वच्छ बोलतोय असे नमुने दिलेले असतात. शेकडो माणसं एकदम हसली की तो आवाज त्याला पंखा, पाऊस, ट्रॅफिक यांच्यासारखाच वाटतो. त्याची चूक नाही. मी त्याला एक माणूस मागितला, त्यानं एक माणूस दिला.

मग धावत शेवटाकडे गेलो. पत्र्यावरचा पाऊस गेलेला. कपबशा गेलेल्या. चहा सांगणारा गिऱ्हाईक माइकजवळ होता, तो अगदी छान ऐकू येतोय. आजी लांब होती.

पुन्हा रेकॉर्ड करायला गेलो तर त्या चुरगळलेल्या जागीच टेप गुंडाळली गेली आणि तुटली. जोडता येते टेप, मी जोडलीही, पण त्या भागावरचा लेप खरवडला गेलाय. आता तिथे फक्त खरखर येते.

आतेभावाला हे कळलं तर त्यानं उपाय सुचवला. आत्येचा आवाज आजीसारखा आहे म्हणतात, तिच्याकडून थोडं बोलून घेऊ आणि व्हॉइस क्लोन करू. त्याला हे जमतं. महिन्याभरापूर्वीच त्यानं पुलंच्या क्लोन केलेल्या आवाजात हायवेच्या खड्ड्यांवर एक क्लिप बनवली होती, ती गावभर फिरली. माझ्या आईनं ती मला खरी म्हणून दाखवली. तिला सांगितलं की पुलं २००० साली गेले, हे खड्डे नंतरचे आहेत, तेव्हा ती जरा ओशाळली. क्लिप ऐकली मी. आवाज हुबेहूब. पण तो थांबत नव्हता. समोर कुणी हसतंय का हे बघायला त्याला कारणच नव्हतं. आजीचं क्लोन मी नको म्हटलं. ती कुणावर ओरडत होती ते मशीनला कुठून कळणार?

जाता जाता कायद्याचंही सांगतो, कारण प्रत्येक वेळी कमेंटमध्ये विचारता. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. पुलंचं साहित्य २०६० संपेपर्यंत सुरक्षित आहे. घरची कॅसेट घरी ऐकायला फोनमध्ये घेणं वेगळं, चॅनलवर टाकणं वेगळं. टाकलीत तर यूट्यूबची यंत्रणा आवाजाचे ठसे जुळवून बहुतेक वेळा लगेच पकडते. मी म्हणूनच ती टाकलेली नाही.

आत्येला फोन केला. तिला व्हॉट्सॲपवरचं काही डिलीट करायची सवय नाही, तिच्या फोनमध्ये २०१९ चे गुड मॉर्निंगसुद्धा आहेत. म्हटलं, ते मी पाठवलेलं आहे का अजून? शोधायला तिला दोन दिवस लागले. मिळालं. व्हॉट्सॲपनं दाबून चपटा केलेला आवाज, वरच्या पट्ट्या गेलेल्या, पाऊस नुसता सूं सूं. पण आजी आहे. १ मिनिट ४० सेकंद. आता ती फाइल चार ठिकाणी ठेवलीय, आणि एकाही ठिकाणी तिच्यावर कुठलं बटण दाबलेलं नाही. आत्येनं त्यात आणखी एक आवाज ओळखला, चुलीपाशी लाकडं मोडतायत तो. ती म्हणाली, ती लाकडं मोडणारी तीच, तेव्हा अकरा वर्षांची.